चांदीसकट वजन

डॉक्टर दुर्गाबाई आमच्या वाटूरला आल्या तेव्हा त्यांच्या मागून बैलगाडीत एक काटा आला. रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती तोलायला असतो तसा. खाली लोखंडी पाट, वर दांडी आणि दांडीवर सरकणारं पितळी वजन. परतूर स्टेशनापासून गाडीवान त्याच्यावरच बसून आला, आणि गावात शिरल्यावर भेटेल त्याला स्वतःचं वजन सांगत सुटला. काट्याचा उपयोग काय, हे गावाला असं पहिल्याच दिवशी कळलं. तो चारचौघांत सांगण्यासाठी होता.

बाईंना हैदराबादच्या कुणा श्रीमंतांच्या धर्मादाय फंडानं पाठवलं होतं. खेड्यातल्या बाईचं वजन दिवस जाण्याआधी किती असतं आणि दिवस गेल्यावर ते महिन्यामहिन्याला कसं वाढतं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. विषय चांगला होता. आजही मी तसंच म्हणते. विषयानं कुणाचं काही वाईट केलं नाही.

दिवस जाण्याआधीचं वजन हवं, आणि दिवस कुणाला जाणार ते तर आधी कळत नाही. म्हणून गावातल्या चाळिशीच्या आतल्या सगळ्या लग्न झालेल्या बाया एकदा तोलून ठेवायच्या आणि मग वाट पाहायची, असं ठरलं. गावानं याचा अर्थ आपल्या अकलेनं लावला. तोललं की दिवस जातात, असं कुणीतरी उठवलं, आणि आसपासच्या वाड्यांवरून मूलबाळ नसलेल्या बाया नारळ घेऊन येऊ लागल्या. काट्याच्या दांडीला हळदकुंकू लागलं. बाईंनी ते पुसू दिलं नाही. लोकांच्या भावना जपल्या पाहिजेत, असं त्या म्हणत. बाया येत होत्या, त्यांना बाया हव्या होत्या.

माझी माय, सुगंधाबाई, त्या पहिल्या खेपेलाच तोलली गेली. तेव्हा तिच्या अंगावर जुनं लुगडं होतं आणि गळ्यात मणी. मी जालन्याला सासरी होते. माझं शिक्षणही जालन्यालाच झालं, मावशीकडे. मावशीचे यजमान रेल्वेत कारकून होते आणि त्यांना वाचायची सवय होती, ती मला लागली. पुढं नवराही शाळामास्तर मिळाला. गावात मला बुकं वाचणारी म्हणत. ते कौतुक नव्हतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचं शेवटचं वर्ष चाललं होतं. मायला दिवस गेल्याचा निरोप घेऊन माझा बाप, रायभान, स्वतः जालन्याला आला. ओसरीवर बसून तो अर्धा तांब्या पाणी प्यायला आणि चपलेकडं बघत म्हणाला, "तुझ्या मायला बरं न्हाई. चार महिने तिकडंच राह्य." लग्न झालेली लेक असताना बायको गरवार राहिली, हे त्याला तोंडानं सांगता येत नव्हतं. माझ्या नवऱ्यानंच ते ओळखलं आणि माझी ट्रंक बांधून दिली.

आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. आजोबांनी जमीन घेतली, आणि बापानं व थोरल्या काकांनी ती भांडून वाटून घेतली. घराच्या मधोमध भिंत घातली. भिंतीच्या पलीकडं माझी थोरली चुलती गोपिकाबाई, जिला मी मोठी माय म्हणायची, आणि तिची सून सोनूबाई. सोनूलाही दिवस होते. भिंत कमरेएवढी उंच असती तर बरं झालं असतं. ती गळ्याएवढी होती, म्हणजे पलीकडच्या बाईचं फक्त तोंड दिसायचं.

मी आले तेव्हा मायच्या अंगावर चांदी होती. कमरेला पट्टा, पायात तोडे, दंडाला वाक्या. इतकी चांदी तिनं माझ्या लग्नातही घातली नव्हती.

"हे काय गं माय?"

"काट्यासाठी," ती म्हणाली आणि हसली. ती हसताना तोंडाला पदर लावत नसे. गोपिकाबाईला ते आवडत नसे, म्हणून तर ती लावत नसावी.

मग तिनं सांगितलं. दिवस गेल्यावर ती पहिल्यांदा काट्यावर उभी राहिली तेव्हा वजन आधीपेक्षा कमी भरलं. चावडीत वजनं ओरडून सांगत. बाईंचं टेबल आत सावलीला आणि काटा बाहेर लिंबाखाली, म्हणून बाईंचा कंपाउंडर पौंडांचा आकडा मोठ्यानं ओरडायचा, बाई आत तो टिपून घ्यायच्या, आणि पारावर बसलेले लोक त्या पौंडांचे शेर करून आपापसांत निवाडे द्यायचे. गावात कडूबा नावाचा एक रिकामा माणूस होता. पारावर बसणं हाच त्याचा धंदा. तो म्हणाला होता, "पोट वाढलं अन् बाई घटली. रायभानच्या घरची भाकर बी मेंढरंच खाऊन राह्यलेत वाटतं."

पार हसला. सोनूबाईचं वजन त्याच दिवशी भरघोस भरलं होतं. त्याचं कारण पुढं कळलं. गोपिकाबाईनं सुनेच्या लुगड्याखाली आपला कमरपट्टा बांधून पाठवला होता.

माझा बाप त्या दिवशी चावडीवरून घरी आला. बायको का घटली, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवला नाही. त्यानं पेटी उघडली, आपल्या आईकडून आलेला पट्टा काढला आणि मायपुढं टाकला. "पुढल्या खेपंला हे घालून जाय. लोकाच्या तोंडाला झाकन बसंल."

पुढच्या खेपेला झाकण बसलं. त्याच्या पुढच्या खेपेला सोनूबाईला वाळे चढले, मग मायला तोडे. दोन्ही घरांत पेट्या रिकाम्या होत होत्या आणि काट्यावरच्या बाया जड होत होत्या. आणि दोन्ही घरांत गरवार बाईच्या ताटात कोरभर भाकरी पडत होती.

हा आमच्याकडचा रिवाज. पोटुशीनं पोटभर खाऊ नये. पोट अन्नानं भरलं तर लेकराला जागा कुठली, आणि लेकरू थोराड झालं तर बाई अडते. घरात धान्य नव्हतं असं कुणी समजू नये. सरकारला लेव्हीचं धान्य घालूनही आमच्या बळदात ज्वारी होती, आणि मेंढ्यांना सरकी होती. मायला उपाशी ठेवण्यात कुणाची दुष्टाई नव्हती. दुष्टाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं.

"माय, जेवलीस का?"

"जेवले की."

"काय जेवलीस?"

"पोलिसावानी काहून इचारून राह्यली? कोर भाकर खाल्ली, ताक पेले."

मी बापाकडं गेले. तो वाड्यात मेंढ्यांना सरकी घालत होता. गाभण मेंढ्या त्यानं वेगळ्या बांधल्या होत्या.

"बा, गाभणीला जास्ती घालता का?"

"घालावीच लागती. न्हाई घातली तर कोकरू मरतुकडं व्हतं, अन् मेंढीला दूध उतरत न्हाई. कवा कवा चांगली मेंढी बी जाती."

"मंग मायला?"

तो माझ्याकडं असा पाहत राहिला, जणू मी काहीतरी अचकटविचकट बोलले. मग त्याला उत्तर सापडलं. "मेंढी उभ्यानं विती," तो म्हणाला, आणि पुन्हा सरकी घालू लागला. ते उत्तर त्याला पुरेसं होतं. मला वाटतं ते त्याला आयुष्यभर पुरलं.

त्या महिन्यात मी मायबरोबर चावडीवर गेले. कंपाउंडरनं आकडा ओरडला तसा पारावर हुंकार उठला. दुर्गाबाई लेखणी ठेवून बाहेर आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, डोळ्यांवर चष्मा, पायात बूट. त्यांचं माहेर हैदराबादचं मराठी घर. बोलताना त्या मराठीत उर्दू शब्द असे पेरत, की ऐकणाऱ्याला आपण दरबारात आलो असं वाटावं.

"सुगंधाबाई, वजन फार जल्दी वाढतंय. हे बराबर नाही. अंगावर सूज येईल, झटके येतील. जेवण कमी करा. मीठ तर बिलकुल कमी."

माय मान खाली घालून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर लाज होती आणि लाजेच्या मागं गर्व. गोपिकाबाई सुनेला घेऊन पुढच्या पाळीसाठी उभी होती. ती म्हणाली, "ऐक सुगंधे. मी सांगत व्हते तवा मी अडानी. आता शिकलेली बी तेच सांगून राह्यली."

"पाहा," बाई खूश होऊन म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंना समजतं."

त्या दिवसापासून कोरभर भाकरीची नितकोर झाली.

मी बाईंना भेटायला गेले. शाळेमागच्या दोन खोल्यांत त्यांचा मुक्काम होता. त्यांनी मला कपबशीतून चहा दिला आणि मी काय काय वाचलं आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी अरे वा म्हटलं. बोलणाऱ्या पोपटाला म्हणतात तसं.

"डॉक्टर, मायच्या अंगावर चांदी असते," मी म्हणाले.

"सगळ्यांच्याच असते. मी दागिन्यांचे तीन पौंड वजा करते. प्रत्येकीमागे, सरसकट."

"पहिल्या वेळी तिच्या अंगावर काहीच नव्हतं. आता कमरपट्टा आहे, तोडे आहेत, वाक्या आहेत. दर महिन्याला एकेक चढतं. वाढतंय ते चांदीचं वजन. ती वाळत चालली आहे."

"असं कुणी मुद्दाम कशाला करेल?"

"तुम्ही आकडा ओरडून सांगता म्हणून."

त्यांनी चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती. "हे पाहा, तुमची ती आई आहे, तुमचा जीव तुटणार. पण अभ्यासात एकेका बाईकडं पाहायचं नसतं. सगळ्या मिळून पाहायचं असतं. दिवस जाण्याआधीचं वजन माझ्याजवळ आहे अशा बाया किती कमी आहेत, तुम्हाला ठाऊक आहे? तुमच्या आई त्यांतल्या एक. त्यांच्या वजनाची चढती रेघ इतकी सुरेख आलीय, की हैदराबादच्या व्याख्यानात मी तीच फळ्यावर काढणार आहे."

"एकदा दागिने उतरवून तोला. घरात, दार लावून."

"आता मधेच पद्धत बदलली तर आधीचे सगळे आकडे वाया जातील."

"मग तिचा दंड तरी हातात धरून पाहा."

"दंडावरून काही कळत नाही, बाई," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "म्हणून तर काटा आणला."

मी चहा संपवला. तो चांगला झाला होता, हेही सांगायला हवं.

राहिली होती माय. पुढच्या तोलाच्या सकाळी ती उंबऱ्यात बसून पायात तोडे अडकवत होती. पाय इतके बारीक झाले होते की तोडे घोट्यावरून घसरत, म्हणून तिनं आतून चिंध्या कोंबल्या होत्या. मी तिच्यापुढं बसले.

"आज चांदी घालू नको. एक डाव खरा आकडा येऊ दे. मंग डॉक्टरीणच म्हणेल, खा."

"अन् कडूबा काय म्हनंल?"

"कडूबा आपला कोण लागतो?"

"तू जाशील जालन्याला. मला ह्याच चावडीवरून पान्याला जायचंय." तिनं दुसरा तोडा उचलला. "अन् सोनीचा आकडा माझ्या वर गेला तं गोपिकी भितीवरून तोंड काढंल. तिचं तोंड तू सकाळ सकाळ बघितलं न्हाई कधी. दिवस वाया जातो बघ."

"माय, तू थट्टेवारी नेऊ नको."

"मंग काय रडू?"

तिनं वाक्या घातल्या. मी चिंध्या कोंबायला मदत केली नाही. तिनं मागितलीही नाही.

चावडीवर त्या दिवशी जास्तच गर्दी होती. सोनूबाई आधी तोलली गेली होती आणि आकडा मोठा आला होता. माझा बाप पाराच्या कडेला, न पाहिल्यासारखा पाहत उभा होता. माय पाटावर चढली. कंपाउंडरनं दांडीवरच्या वजनाला हात घातला तेव्हा मी पुढं झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आधी हिचे दागिने उतरवा. कमरेला पट्टा आहे. तो उतरवून तोला."

आतून दुर्गाबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या दारात आल्या, मायकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. लुगड्याखालचा पट्टा चारचौघांत उतरवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या तिला आत नेतील, दार लावतील, एवढी माझी आशा होती.

"यांची इच्छा असेल तर," बाई म्हणाल्या.

कडूबा पारावरून म्हणाला, "उतरवा म्हनं. चावडी हाय का सोनाराचं दुकान?"

माय पाटावर ताठ उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "माझ्या लेकीला बुकं वाचून वाचून डोस्क्यात वारं गेलंय," ती कंपाउंडरला म्हणाली. "तू तोल बाबा जल्दी. ऊन व्हऊन राह्यलं."

लोक हसले. बापही हसला, त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. कंपाउंडरनं आकडा ओरडला. गावात तोवर तोललेल्या सगळ्या बायांपेक्षा तो मोठा होता. माय पाटावरून उतरली आणि तिला लिंबाच्या बुंध्याला धरून उभं राहावं लागलं. कडूबा म्हणाला, "जड झाली बाई, पाय उचलंना." बाई आत जाऊन टेबलाशी बसल्या.

दोन दिवस माय माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "माझ्या तोंडाला काळं फासून काय मिळनार व्हतं तुला, दुर्पदे?"

"तू जेवली असतीस."

ती राख उकरू लागली. "भूक तं लागती गं," ती म्हणाली. "लई लागती. पन तुझ्या पाठीवरचा भाऊ आला तवा मी खाल्लं व्हतं. लाडू खाल्ले, शेवाया खाल्ल्या, सगळं खाल्लं. त्याचं डोस्कं केवढं व्हतं, तुला ठावं न्हाई. तू ल्हानी व्हती. दोन दिस अडला तो. अन् मंग तुकड्या तुकड्यानं..." 

मी ताट वाढून आणलं. तिनं दोन घास घेतले आणि उरलेलं माझ्याकडं सारलं. मी अजून सहा वर्षांची असल्यासारखं.

ती दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. सकाळी पोटात दुखायला लागलं आणि उन्हं अंगणात यायच्या आत मुलगी झाली. वाळलेल्या दोडक्याएवढी. काही त्रास झाला नाही. अंगणात बसलेल्या बाया म्हणत होत्या, किती सोपं झालं, कमी खाल्लं म्हून सोपं झालं, कुठं अडलं न्हाई. आत रक्त थांबत नव्हतं. जे वाहत होतं ते फार नव्हतं असं सुईण म्हणाली, पण वाहून जायला तिच्यात तेवढंही नव्हतं. दुर्गाबाईंना निरोप गेला तेव्हा त्या काट्यासह पुढच्या गावी गेल्या होत्या. दुपार व्हायच्या आत माय गेली. मुलगी तिच्या आधी गेली की नंतर, यावर अंगणात थोडा वाद झाला.

आंघोळ घालायला बायांनी तिला पाटावर घेतलं. बाळंतपणासाठी चांदी आधीच उतरवली होती. तिचे दंड माझ्या मनगटाएवढे होते. कमरेवर पट्ट्याचा काळा वण होता. सगळ्यांनी पाहिलं. गोपिकाबाई पाणी ओतता ओतता म्हणाली, "रोगानं खाल्ली बाई."

"कोणत्या?" मी विचारलं.

"असंल येखांदा," ती म्हणाली, आणि पुढचा तांब्या भरला.

तिरडी उचलताना माझा चुलतभाऊ धुळाजी, सोनूबाईचा नवरा, पुढच्या बाजूला होता. त्यानं जोर काढून खांदा दिला, आणि तिरडी त्याच्या बाजूनं एकदम वर गेली. पडता पडता बाकीच्यांनी सावरली. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. गावातला सर्वांत मोठा आकडा त्यानं चावडीवर आपल्या कानांनी ऐकला होता. नजरेआड होईपर्यंत तो एकसारखा बाजूच्या माणसाकडं पाहत होता, ओझं त्यानंच घेतलंय की काय असं.

तिसऱ्या दिवशी दुर्गाबाई काट्यासह परत आल्या. ओसरीवर घोंगडी टाकली होती, तीवर बूट न काढता बसता येईना म्हणून त्या उभ्याच राहिल्या.

"फार वाईट झालं," त्या म्हणाल्या. मग, "बाळाचं वजन कुणी केलं होतं का?"

"नाही."

"केलं असतं तर बरं होतं."

मी त्यांना म्हणाले, "मायचं नाव तुमच्या अभ्यासातून काढा. तो आकडा खोटा आहे."

"ते निघालंच आपोआप. बाळंतपणात गेलेल्या बाया मी धरत नाही. सुखरूप सुटलेल्यांचीच सरासरी काढायची असते. मला स्वतःला वाईट वाटलं. ती रेघ आता फळ्यावर काढता येणार नाही."

"आणि बाकीच्या? त्यांच्याही अंगावर चांदी आहे."

"त्या सुखरूप आहेत," बाई म्हणाल्या. त्यांना माझं बोलणं कळत नव्हतं असं नाही. ते त्यांच्या कामाचं नव्हतं. "हैदराबादेत लोकांना वाटतं की खेड्यातल्या बायका उपाशी असतात. माझ्या आकड्यांवरून उलट दिसतंय. गर्भारपणात यांचं वजन गरजेपेक्षा जास्त वाढतं. हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं." मग त्यांनी आवाज मऊ केला. "तुमचं मराठी चांगलं आहे. व्याख्यानाचं सार मी तुम्हाला पाठवते, ते सोप्या मराठीत करून द्याल का? गावोगावच्या बायकांना वाचून दाखवता येईल. तुमच्याही मनाला विरंगुळा."

"काय सांगायचं आहे बायकांना त्यात?"

"हेच. बेतानं जेवा."

"मी ते लिहिणार नाही."

"आज नको. विचार करा."

"केला," मी म्हणाले.

त्यांनी सुस्कारा सोडला. शोकात माणसं अशी वागतात, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी मला माफ केलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. बाईंचा वाटूरचा मुक्काम संपला होता. संध्याकाळी काटा गाडीत चढला. हळदकुंकवासकट तो परतूरच्या वाटेला लागला. या खेपेला गाडीवान त्यावर बसला नाही, कारण त्यावर बाईंच्या ट्रंका होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार भाकरी थापल्या, तुरीच्या डाळीचं वरण केलं, लोणकढं तूप घातलं आणि ताट झाकून पलीकडच्या घरी गेले. गोपिकाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"तिथंच थांब," ती म्हणाली. "सुतकातली तू. माझी सून गरवार हाय."

"लग्न झालेल्या लेकीचं सुतक तीन दिवसांचं, मोठी माय. माझं काल फिटलं. भाऊकीला दहा दिवस. सुतकात तुम्ही आहात."

तिनं मनातल्या मनात दिवस मोजले. ते बरोबर निघाले असावेत, कारण तिनं सूप बाजूला घेतलं.

सोनूबाई आत भिंतीला टेकून बसली होती. सतरा वर्षांची पोर. अंगावर सगळी चांदी, कमरपट्टा, वाळे, सरी, घरातल्या घरात. सवय मोडू नये म्हणून उतरवू देत नसत, असं नंतर कळलं. मी तिच्यापुढं ताट ठेवलं आणि वरचं फडकं काढलं. तिनं ताटाकडं पाहिलं आणि लगेच सासूकडं.

"डागतरीननं कमी खाय म्हनलंय तिला," गोपिकाबाई मागून म्हणाली.

"डॉक्टरीण गेली, मोठी माय. काटाबी गेला. आता परत येत नाही."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही. आता हिचं वजन कुणाला ऐकवणार?"

गोपिकाबाई विचारात पडली. मी तिच्याकडं पाहत होते. माझ्या मायच्या मरणानं जे तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते आत्ता शिरत होतं. तिची नजर सुनेच्या अंगावरून फिरली.

"मंग काहून घालून बसली गं?" ती सुनेवर खेकसली. "झिजून जाईल ना ती चांदी. उतरव समदी. जल्दी."

सोनूबाई एकेक दागिना उतरवू लागली. कमरपट्टा तिला एकटीला निघेना, मी फासा सोडवला. पट्ट्याखाली कातडी सोलपटली होती. गोपिकाबाईनं सगळी चांदी पदरात घेतली, हातानं तोलून पाहिली, आणि पेटीत ठेवायला आतल्या खोलीत गेली. कुलूप जुनं होतं. त्याच्याशी झटापट केल्याचा आवाज येऊ लागला.

"खा," मी म्हणाले.

"थोराड झालं तं, आक्का?"

"होऊ दे."

"अन् अडलं तं?"

मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं, आणि खोटं बोलण्याइतकी मी तिची मोठी नव्हते.

"भूक लागली का तुला?" मी विचारलं.

ती आतल्या दाराकडं पाहत होती. आत गोपिकाबाई एकेक नग पेटीत टाकत मोठ्यानं मोजत होती. सोनूबाईनं ताट ओढून मांडीवर घेतलं, भाकरी मोडली आणि न चावता गिळायला लागली. तूप तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

"हळू खा," मी म्हणाले.

"सासूबाई येतील," ती भरल्या तोंडानं म्हणाली, आणि दुसरी भाकरी उचलली.